तेरा किलो वजन आणि कोडीनची नेहमीची मात्रा: एका बालकाच्या मृत्यूचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात टोरांटोच्या संशोधकांचे एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. त्यात एकाच मुलाची हकिकत होती. शस्त्रक्रियेनंतर लहान मुलांना कोणते वेदनाशामक द्यावे याविषयीचे अनेक देशांचे नियम पुढच्या आठ वर्षांत बदलले, आणि त्या बदलाची सुरुवात बऱ्याच अंशी या पत्रापासून झाली. जनुकांमधील फरकामुळे एकच औषध एकाला पुरत नाही आणि दुसऱ्याला झेपत नाही, हे सांगताना आजही याच प्रकरणाचा दाखला दिला जातो. दाखला योग्यच आहे, मात्र तो देताना प्रकरणाचा निम्मा भाग गाळला जातो. म्हणून ते येथे सविस्तर मांडले आहे.

घडलेली हकिकत

मुलगा दोन वर्षांचा होता आणि त्याचे वजन १३ किलो होते. प्रकृती एरवी चांगली होती, परंतु तो झोपेत घोरत असे, आणि रात्रभराच्या निद्रा-तपासणीत त्याचा श्वास झोपेत वारंवार अडतो हे सिद्ध झाले होते. टॉन्सिल आणि नाकामागील ॲडेनॉइड या गाठी वाढून श्वासाची वाट अरुंद झाली की असे होते, आणि गाठी काढणे हा त्यावरचा सर्वमान्य उपाय आहे. शस्त्रक्रिया आधी ठरवून केली गेली, तिच्यात कोणतीही गुंतागुंत झाली नाही, आणि त्याच दिवशी मुलाला घरी सोडण्यात आले. निघण्यापूर्वी त्याला पेथिडिन हे वेदनाशामक आणि मळमळ थांबवणारे डायमेनहायड्रिनेट अशी दोन इंजेक्शने देण्यात आली होती. घरी देण्यासाठी कोडीन आणि पॅरासिटामॉल यांचे पातळ औषध लिहून दिले होते: एका वेळी १० ते १२.५ मिलिग्रॅम कोडीन आणि १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, गरजेनुसार दर चार ते सहा तासांनी.

शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री मुलाला ताप आला आणि छातीत घरघर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पाहिले तेव्हा त्याची नाडी आणि श्वास थांबलेले होते. त्याला वाचवण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले.

शवविच्छेदनाच्या वेळी मांडीतील रक्तवाहिनीतून रक्त घेतले गेले. मृत्यूनंतर औषधे अवयवांतून आसपासच्या रक्तात पाझरतात आणि हृदयाजवळच्या रक्तातील आकडे फसवे ठरतात, म्हणून हृदयापासून दूरचे रक्त तपासण्याचा प्रघात आहे. त्या रक्तात कोडीन लिटरला ०.७० मिलिग्रॅम आणि मॉर्फिन मिलिलिटरला ३२ नॅनोग्रॅम आढळले. लहान मुलांच्या बाबतीत मॉर्फिनची पातळी २० नॅनोग्रॅमच्या वर गेली की श्वास मंदावण्याचा धोका मानला जातो. फुप्फुसांत न्यूमोनियाच्या खुणा होत्या. जनुकीय तपासणीत असे दिसले की या मुलाकडे सीवायपी२डी६ या जनुकाची एक कार्यक्षम प्रत जास्तीची होती, म्हणजेच कोडीनचे मॉर्फिन करण्याच्या बाबतीत तो अतिवेगवान गटातला होता.

लिहून दिलेली मात्रा येथे वजनाशी ताडून पाहणे आवश्यक आहे. १२.५ मिलिग्रॅमला १३ किलोने भागले तर किलोमागे जेमतेम एक मिलिग्रॅम येते, आणि मुलांसाठी किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम हीच तेव्हाची रूढ मात्रा होती. ती वरच्या टोकाची होती, चुकीची नव्हती. परंतु त्याच सूचनेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १० मिलिग्रॅम दर सहा तासांनी दिले तर दिवसाला ४० मिलिग्रॅम कोडीन पोटात जाते, आणि १२.५ मिलिग्रॅम दर चार तासांनी दिले तर ७५. एकच चिठ्ठी अक्षरशः पाळणाऱ्या दोन घरांत दिवसाची मात्रा जवळजवळ दुप्पट वेगळी होऊ शकते, आणि दोन्ही घरांत कोणी चूक केलेली नसते. ‘गरजेनुसार’ या शब्दाचा अर्थ लावण्याचे काम रात्री जागणाऱ्या आईबापांवर सोपवलेले असते.

कोडीन स्वतः फारसे काही करत नाही

हे प्रकरण समजण्यासाठी आधी ध्यानात घेतले पाहिजे की कोडीन हे गोळीत किंवा बाटलीत असते तोवर दुबळे औषध आहे. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील ज्या ग्राहींना चिकटून मॉर्फिन वेदना दाबते, म्हणजे पेशींवरील औषध पकडणाऱ्या ज्या जागांना, त्यांना कोडीन मॉर्फिनच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्यानेच चिकटते. कोडीनचा वेदनाशामक गुण मुख्यतः यकृतात तयार होतो. तेथे सीवायपी२डी६ हे एन्झाइम कोडीनमधील एक मिथाइल गट काढून टाकते आणि मॉर्फिन उरते. बहुतेक माणसांत घेतलेल्या कोडीनपैकी सुमारे पाच ते दहा टक्केच या वाटेने जाते. बाकीचे दुसऱ्या एन्झाइमांच्या हाती लागून निरुपद्रवी रूपात लघवीवाटे निघून जाते.

म्हणजे कोडीन देणारा डॉक्टर प्रत्यक्षात मॉर्फिनच देत असतो. फक्त किती द्यायचे हे तो ठरवत नाही, रुग्णाचे यकृत ठरवते.

हे एन्झाइम तयार करण्याची कृती बाविसाव्या गुणसूत्रावरील त्याच नावाच्या जनुकात लिहिलेली असते, आणि माणसामाणसांत इतका फरक असलेली औषधविषयक जनुके थोडीच आहेत. त्याची शंभराहून अधिक रूपे नोंदली गेली आहेत. काही रूपांपासून एन्झाइम बनतच नाही, काहींपासून मंद एन्झाइम बनते, आणि काही जणांच्या गुणसूत्रावर संपूर्ण जनुकच दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा ओळीने लिहिलेले असते. १९९३ साली स्वीडनमधील एका कुटुंबात वडील आणि त्यांच्या दोन अपत्यांमध्ये हे जनुक तब्बल बारा पटीने वाढलेले आढळले होते. आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्या प्रतींची कार्यक्षमता जोडून माणसाचे चार गट केले जातात: निष्क्रिय, मध्यम, सर्वसाधारण आणि अतिवेगवान. अतिवेगवान गटातील लोकांचे प्रमाण उत्तर युरोपात एक-दोन टक्के आहे, इथिओपियात झालेल्या एका अभ्यासात ते २९ टक्के आणि सौदी अरेबियातील अभ्यासात सुमारे २१ टक्के आढळले. युरोपीय वंशाच्या लोकांत पाच ते दहा टक्के निष्क्रिय गटात मोडतात. भारतीयांमध्ये निष्क्रिय गट त्याहून लहान आहे, पण तोही काही टक्क्यांचा आहे.

हा भेद प्रथम लक्षात आला तो वेदनाशामकामुळे नव्हे. १९७० च्या दशकात लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात रॉबर्ट स्मिथ आणि त्यांचे सहकारी डेब्रिसोक्विन या रक्तदाबाच्या औषधाचा शरीरात काय प्रवास होतो ते स्वतःवरच प्रयोग करून पाहत होते. सहकाऱ्यांना काही विशेष जाणवले नाही, परंतु स्मिथ यांचा रक्तदाब इतका कोसळला की ते उभे राहू शकेनात. त्यांच्या लघवीत ते औषध जवळजवळ जसेच्या तसे उतरले होते. औषध मोडणारे एन्झाइम त्यांच्याकडे नव्हतेच. १९७७ मध्ये या गटाने दाखवून दिले की हा गुण वारशाने येतो. डेब्रिसोक्विन मोडणारे तेच एन्झाइम कोडीनचे मॉर्फिन करते, मात्र परिणाम उलटा होतो: डेब्रिसोक्विन मोडले गेल्याने निकामी होते, तर कोडीन मोडले गेल्यानेच प्रभावी होते. त्यामुळे स्मिथ यांच्यासारख्या माणसाला कोडीनचा त्रास होणार नाही आणि उपयोगही होणार नाही.

आकडे खरोखर काय सांगतात

येथवरची मांडणी वाचून सहज वाटते की जनुक सापडले, कारण सापडले. हे प्रकरण बहुधा असेच सांगितले जाते. माझ्या मते ते अपुरे आहे, आणि अपुरे का आहे हे पाहणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

२००७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी २६ निरोगी प्रौढांना प्रत्येकी ३० मिलिग्रॅम कोडीन एकदाच देऊन रक्तातील मॉर्फिन मोजले. रक्तात एकूण किती मॉर्फिन किती काळ राहिले याचा हिशेब केला, तेव्हा सर्वसाधारण गटाचा मधला आकडा ११ आणि अतिवेगवान गटाचा १६ आला. निष्क्रिय गटाचा आकडा अवघा ०.५ होता. अतिवेगवान गटातील बहुतेक सर्वांना गुंगी आली, सर्वसाधारण गटातील निम्म्यांना आली. म्हणजे निष्क्रिय आणि सर्वसाधारण यांच्यातील दरी वीस पटींहून मोठी आहे, परंतु सर्वसाधारण आणि अतिवेगवान यांच्यात सरासरी फरक दीडपटीचा आहे. दीडपट मॉर्फिन ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नव्हे, पण निरोगी बालकाचा श्वास थांबवायला ती एकटी सहसा पुरेशी नसते.

मग या मुलाच्या बाबतीत आणखी काय होते? रक्तातील कोडीनचा आकडा पुन्हा पाहू. लिटरला ०.७० मिलिग्रॅम म्हणजे मिलिलिटरला ७०० नॅनोग्रॅम, अर्थात मॉर्फिनच्या सुमारे २२ पट. मृत्यूनंतरच्या रक्तावरून फार बारकाईने निष्कर्ष काढू नयेत हे खरे, तरी मूळ कोडीनच शरीरात बरेच साठले होते असे हा आकडा सुचवतो. दर चार तासांची, वरच्या टोकाची मात्रा दोन दिवस चालू राहिली की साठा होणे अशक्य नाही. कोडीनचा साठा आणि त्याचे मॉर्फिनमध्ये रूपांतर करणारे वेगवान यकृत या दोन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या.

तिसरी गोष्ट शस्त्रक्रियेच्या कारणातच होती. झोपेत श्वास अडणाऱ्या मुलाच्या रक्तातील ऑक्सिजन रात्रीतून अनेकदा घसरतो, आणि महिनोन् महिने असे होत राहिले की मेंदूतील श्वासकेंद्र मॉर्फिनसारख्या अफूजन्य औषधांना अधिक संवेदनशील होते. मॉन्ट्रियलच्या भूलतज्ज्ञ कॅरन ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ज्या मुलांचा ऑक्सिजन झोपेत ८५ टक्क्यांच्या खाली जात होता, त्यांना वेदना शमण्यासाठी इतर मुलांच्या निम्मे मॉर्फिन पुरले. म्हणजे या मुलाला मुळात निम्मी मात्रा पुरली असती, आणि त्याचे यकृत मात्र दीडपट किंवा त्याहून जास्त मॉर्फिन तयार करत होते. शिवाय गाठी काढल्या म्हणजे त्याच रात्री श्वासाची वाट मोकळी होते असे नाही. घशाची सूज उतरायला काही दिवस जातात, तोवर अडथळा राहतो.

चौथी गोष्ट न्यूमोनियाची. ताप आणि घरघर सुरू झाली तेव्हा फुप्फुसांची ताकद आधीच कमी झालेली होती. श्वास मंद झाला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने गुंगी वाढते, गुंगीने श्वास आणखी मंदावतो. निरोगी फुप्फुसे या चक्रात काही काळ तग धरतात. आजारी फुप्फुसांजवळ तेवढा काळ नसतो.

जनुक निर्दोष ठरवण्यासाठी हे सांगत नाही. जनुकाचा वाटा निश्चित होता, पण तो चार वाट्यांपैकी एक होता आणि बाकीचे तीन डोळ्यांपुढे होते. मुलाच्या झोपेचा अहवाल फाइलमध्ये होता, मात्रेचे गणित चिठ्ठीवर होते, ताप हाताला लागत होता. नजरेआड होते ते एकटे जनुक, आणि सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरली.

या मताला पुष्टी देणारा पुरावा त्याच संशोधकांच्या गटाकडून आला. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी आणखी तीन मुलांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या. तिघेही पाच वर्षांखालील किंवा पाच वर्षांचे होते, तिघांच्याही गाठी काढल्या होत्या, तिघांनाही नेहमीच्या मर्यादेतील कोडीन दिले होते. दोन मुलगे दगावले आणि ते अतिवेगवान गटातील होते. तिसरी, तीन वर्षांची मुलगी, मरणाच्या दारातून परत आली. तिची तपासणी केली तेव्हा ती अतिवेगवान निघाली नाही. तिच्या जनुकाच्या प्रती सर्वसाधारण होत्या. केवळ जनुक तपासून कोणाला कोडीन द्यायचे हे ठरवले असते, तर या मुलीला ते निर्धास्तपणे दिले गेले असते.

एक सावधगिरी येथे नोंदवली पाहिजे. याच टोरांटो गटाने २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका तान्ह्या बाळाच्या मृत्यूचे प्रकरण मांडले होते. बाळंतपणातील टाक्यांच्या वेदनेसाठी कोडीन घेणाऱ्या अतिवेगवान गटातील आईच्या दुधातून मॉर्फिन गेल्याने तेरा दिवसांचे बाळ दगावले, असा तो दावा होता. पुढे औषधशास्त्राच्या तज्ज्ञांनी हिशेब करून दाखवले की दुधावाटे इतके मॉर्फिन जाणे जवळजवळ अशक्य आहे, आणि त्या दाव्यावर आज गंभीर प्रश्नचिन्ह आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मुलांचे प्रकरण निराळे आहे, कारण तेथे औषध थेट मुलाला दिले होते. तरीही जनुकाच्या कथेची मोहिनी किती असते हे त्यावरून कळते.

त्याच जनुकाची उलटी बाजू

अतिवेगवान गटातील मृत्यू बातमी होतो, तर निष्क्रिय गटातील माणसाची वेदना वॉर्डातच राहते. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या दृष्टीने पाहिले तर हा दुसरा प्रश्न संख्येने मोठा आहे, आणि आपल्याकडे तर तोच जास्त प्रमाणात भेटतो. आपल्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर कोडीन क्वचितच देतात. ते बहुतेकांना ठाऊक आहे ते खोकल्याच्या औषधातून. शस्त्रक्रियेनंतर सलाइनमधून किंवा इंजेक्शनने सर्रास दिले जाते ते ट्रॅमाडॉल, आणि ट्रॅमाडॉलसुद्धा मोठ्या प्रमाणात याच सीवायपी२डी६ एन्झाइमवर अवलंबून आहे. यकृतात त्यापासून जे रूप तयार होते तेच अफूच्या ग्राहींना घट्ट चिकटते, मूळ ट्रॅमाडॉल त्या बाबतीत दुबळे असते. मूळ औषधाला मज्जारज्जूवर काम करणारा दुसरा गुणही असल्यामुळे त्याचा उपयोग शून्यावर येत नाही, एवढाच कोडीनपासून फरक.

जर्मनीतील बॉन येथे उल्रिके स्टामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० रुग्णांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णांच्या हाती बटण होते आणि ते दाबले की ठरलेली मात्रा शिरेतून जात असे. निष्क्रिय गटातील ४६.७ टक्के रुग्णांना ट्रॅमाडॉलने पुरेसा आराम पडला नाही, कार्यक्षम एन्झाइम असलेल्यांत हे प्रमाण २१.६ टक्के होते. या दुसऱ्या आकड्याकडे मी आवर्जून लक्ष वेधीन: ज्यांचे जनुक ठीक होते त्यांच्यापैकीही दर पाचांमागे एकाला आराम नव्हता. वेदना जनुकाच्या एका ओळीत मावत नाही.

वॉर्डात हे कसे दिसते ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पित्ताशय किंवा गर्भाशय काढलेली बाई रात्री दोन वाजता सांगते की इंजेक्शनने काहीच फरक पडला नाही. सिस्टर चार्ट पाहते, मात्रा पूर्ण गेलेली असते, पुढची मात्रा सहा तासांनी. शेजारच्या खाटेवरची बाई त्याच शस्त्रक्रियेनंतर त्याच इंजेक्शनवर शांत झोपलेली असते. मग कोणी म्हणते, ‘हिला सहनच होत नाही’, कोणी म्हणते, ‘मन घट्ट करा’. सून उठून पाठीवरून हात फिरवते. त्या बाईच्या यकृतात ट्रॅमाडॉलचे प्रभावी रूप तयारच होत नसेल ही शक्यता त्या रात्री कोणाच्या मनात येत नाही. वेदना खोटी ठरवली जाण्याचा हा त्रास प्रत्यक्ष वेदनेपेक्षा कमी नसतो.

जन्मतः ठीक असलेले एन्झाइम दुसऱ्या औषधानेही बंद पडू शकते, हेही येथे महत्त्वाचे आहे. नैराश्यासाठीच्या फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या गोळ्या सीवायपी२डी६ला अडवतात. जनुकाचा अहवाल ‘सर्वसाधारण’ म्हणेल, आणि रुग्ण मात्र निष्क्रिय गटातल्यासारखा वागेल. आपल्याकडे मनोविकाराच्या गोळ्या चालू असल्याचे नातेवाईकांसमोर सांगायला रुग्ण कचरतात. म्हणून हा प्रश्न भूलतज्ज्ञाने एकांतात आणि स्पष्ट शब्दांत विचारला पाहिजे असे मला वाटते.

मॉर्फिन, फेंटानिल आणि टॅपेंटाडॉल यांना हे एन्झाइम लागत नाही, त्यामुळे ट्रॅमाडॉल निष्प्रभ ठरलेल्या रुग्णाला त्यांचा उपयोग होऊ शकतो. त्यांच्यावरही इतर जनुकांचा थोडाफार प्रभाव असतो. अफूचा ग्राही ज्यापासून बनतो त्या ओपीआरएम१ जनुकातील एका अक्षराच्या बदलावर पुष्कळ संशोधन झाले आहे. हा बदल युरोपीयांपेक्षा आशियाई लोकांत जास्त आढळतो आणि तो असलेल्यांना शस्त्रक्रियेनंतर थोडे अधिक मॉर्फिन लागते असे दिसते. परंतु फरक इतका लहान आहे की त्यावरून मात्रा ठरवू नये, हेच औषध-जनुकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक गटाने २०२१ च्या सुधारित मार्गदर्शनात सांगितले. सीवायपी२डी६बाबत मात्र त्याच मार्गदर्शनाची भूमिका स्पष्ट आहे: निष्क्रिय आणि अतिवेगवान या दोन्ही टोकांच्या गटांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल देऊ नये. एकांना उपयोग नाही म्हणून, दुसऱ्यांना धोका आहे म्हणून.

नियम बदलले, तपासणी मागे राहिली

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१२ मध्ये कोडीनची फेरतपासणी जाहीर केली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड काढलेल्या मुलांना ते देऊ नये असा सर्वांत कडक इशारा वेष्टनावर छापायला लावला. युरोपीय औषध नियामकानेही त्याच वर्षी बारा वर्षांखालील मुलांत कोडीनवर बंधन आणले. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकी प्रशासनाने बारा वर्षांखालील सर्व मुलांना कोडीन निषिद्ध ठरवले. तोवर १९६९ पासूनच्या नोंदींत अठरा वर्षांखालील मुलांचा श्वास गंभीररीत्या मंदावल्याची ६४ प्रकरणे सापडली होती आणि त्यांपैकी २४ मुले दगावली होती. त्याच आदेशाने ट्रॅमाडॉलही बारा वर्षांखाली, आणि टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर अठरा वर्षांखाली, निषिद्ध झाले.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की नियामकांनी प्रत्येक मुलाचे जनुक तपासा असे सांगितले नाही. त्यांनी औषधच काढून घेतले. मला हा निर्णय योग्य वाटतो. या जनुकाच्या अगदी शेजारी त्याच्यासारखेच दिसणारे पण निकामी जनुक असते आणि प्रतींची संख्याही मोजावी लागते, त्यामुळे तपासणी किचकट होते. अहवाल यायला दिवस लागतात आणि ती तीन वर्षांची मुलगी तपासणीतूनही निसटली असती. दुसरीकडे टॉन्सिलनंतरच्या वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन घड्याळ लावून आलटूनपालटून दिले तर बहुतेक मुलांचे भागते. जिथे सुरक्षित पर्याय हाताशी आहे तिथे धोका कोणाला आहे हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

परंतु जिथे पर्याय मर्यादित आहेत तिथे तपासणीला मोल आहे. अमेरिकेतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड बालरुग्णालयाने सिकलसेलच्या मुलांची सीवायपी२डी६ तपासणी आधीच करून अहवाल त्यांच्या नोंदींत कायमचा ठेवला आणि धोक्याच्या गटातील मुलाला कोडीन लिहू लागताच संगणकावर इशारा येईल अशी सोय केली. या मुलांना वेदनेचे झटके वर्षानुवर्षे येत राहतात, म्हणून एकदा केलेली तपासणी अनेकदा कामी येते. सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात घरोघरी माहीत असलेला आजार आहे, आणि अशी व्यवस्था जिथे प्रथम उपयोगी पडेल तो प्रदेश आपल्याच राज्यात आहे.

ती होईपर्यंत रुग्णाच्या हाती एक साधी गोष्ट आहे. आधीच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे आणि नव्या भूलतज्ज्ञाला आपणहून सांगावे की अमुक इंजेक्शनने आराम पडला नव्हता, किंवा अमुक गोळीने दिवसभर शुद्ध नव्हती. सख्ख्या भावंडांपैकी कोणाचा असा अनुभव असेल तर तोही सांगावा, कारण जनुके वाटून घेतलेली असतात. मुलाच्या बाबतीत तो झोपेत घोरतो का, मध्येच श्वास अडकून दचकतो का, हे न विचारताही सांगावे.

आणि घरी आल्यावर झोपेकडे नीट पाहावे. गाठी काढलेले मूल दोन रात्री किरकिरत जागते, गिळताना रडते, आणि एकदाचे झोपले की घरातले सगळे हळू बोलू लागतात. ‘आता कुठे डोळा लागलाय, उठवू नका’ हे वाक्य प्रत्येक घरात बोलले जाते, त्यात माया असते. परंतु औषधाच्या गुंगीतील मूल आणि दमून झोपलेले मूल दारातून पाहिले तर सारखेच दिसते. दमून झोपलेले मूल खांद्याला हलवले की कुरकुरते, कूस बदलते. गुंगीतले मूल हलत नाही. त्याचा श्वास सावकाश आणि तुटक येतो, ओठांचा रंग बदलतो, पापणी उचलली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते.

फ्रान्समध्ये पाच वर्षांच्या एका मुलाला गाठी काढल्यावर घरी ट्रॅमाडॉलची एकच, लिहून दिलेली मात्रा पाजली गेली. २०१५ मध्ये ही हकिकत प्रसिद्ध झाली. सकाळी तो सुस्त पडलेला आणि श्वास अडखळत असलेला आढळला. त्यालाही झोपेत श्वास अडण्याचा विकार होता, आणि तपासणीत तोही अतिवेगवान गटातलाच निघाला. त्याला तातडीने रुग्णालयात नेले गेले, आणि तो वाचला.